दोन गांवांमधील दिशा

यवतमाळहून दारव्हा कोणत्या दिशेला, असें त्या बाजूच्या शेतकऱ्यास विचारलें तर तो मावळतीकडे हात करतो. त्याचें काम तेवढ्यानें भागतें. पुढें वाट आहे, वाटेवर माणसें आहेत आणि गांव चुकण्याचा फारसा संभव नाहीं. हाच प्रश्न संगणकावरील नकाशाला केला, दोन ठिकाणीं बोट ठेवून दोहोंमधील दिशा मागितली, तर क्षणार्धांत उत्तर येतें : २५६ अंश ३० कलांच्या आसपास. उत्तरेपासून घड्याळाच्या कांट्याप्रमाणें मोजीत गेलें म्हणजे पश्चिम २७० अंशांवर येते. तेव्हां दारव्हा हें पश्चिमेच्या साडेतेरा अंश दक्षिणेस आहे, असा याचा अर्थ. हात करून दाखविलेली दिशा आणि हा आंकडा यांच्या मध्यें दोन शतकांहून अधिक काळाचा उद्योग आहे, आणि त्या उद्योगाचा एक महत्त्वाचा भाग यवतमाळ जिल्ह्याच्या अंगावरूनच गेलेला आहे. ही हकीकत सुशिक्षितांनाहि फारशी ठाऊक नसते.

दिशा ठरविण्याची विद्या या देशाला नवी नव्हे. सपाट केलेल्या जमिनीवर वर्तुळ काढावें, मध्यभागीं शंकु म्हणजे सरळ खुंटी उभी करावी, सकाळीं तिच्या सावलीचें टोंक वर्तुळाला शिवून जेथें आंत शिरतें तेथें एक खूण करावी आणि दुपारनंतर जेथून तें बाहेर पडतें तेथें दुसरी करावी. या दोन खुणा जोडणारी रेषा ती पूर्वपश्चिम रेषा. यज्ञवेदी आंखणाऱ्या शुल्बसूत्रकारांना ही युक्ति माहीत होती, देवळें बांधणाऱ्या स्थपतींनीं ती वापरली, आणि सूर्यसिद्धांतांत ती सांगितलेली आहे. परंतु या रीतीनें एका जागीं उभें राहून चार दिशा कळतात; दृष्टीआड असलेल्या दूरच्या गांवाची दिशा कळत नाहीं. ती कळण्यास दोन्ही गांवांचें पृथ्वीवरील स्थान माहीत असावें लागतें.

तेंहि आपल्या ज्योतिष्यांना उमगलें होतें. लंकेपासून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी दक्षिणोत्तर रेषा त्यांनीं मुख्य मानली होती आणि तिच्यापासून पूर्वपश्चिम अंतराला ते देशांतर म्हणत. विषुववृत्तापासून उत्तरेस जावें तसतशीं पूर्वपश्चिम वर्तुळें लहान होत जातात हेंहि त्यांनीं जाणलें होतें. पृथ्वीच्या परिघाला त्या स्थळाच्या लंबज्येनें गुणावें आणि त्रिज्येनें भागावें, म्हणजे तेथील लहान परिघ निघतो. त्याला त्यांनीं स्फुट परिधि असें नांव दिलें. आज संगणक दोन गांवांमधील दिशा काढतो तेव्हां त्याची पहिली पायरी हीच असते, नांव मात्र कोसाइनचें. उणीव होती ती मापांची. रेखांशाचा फरक ठरविण्यास ग्रहणासारख्या एकाच वेळीं दोन्हीकडे दिसणाऱ्या घटनेवाचून विश्वासाचें साधन नव्हतें, आणि ग्रहणें कांहीं दर गांवाच्या सोयीनें लागत नाहींत.

या गणिताचें स्वरूप जिल्ह्यांतल्याच एका उदाहरणानें स्पष्ट होईल. यवतमाळ सुमारें २० अंश २४ कला उत्तर अक्षांशावर आणि ७८ अंश ८ कला पूर्व रेखांशावर आहे. पैनगंगेकडील उमरखेड १९ अंश ३६ कला आणि ७७ अंश ४२ कला यांवर. म्हणजे यवतमाळहून उमरखेड ४८ कला दक्षिणेस व २६ कला पश्चिमेस. शाळेंतील चौकटीच्या कागदावर हे आंकडे जसेच्या तसे मांडून कोन मोजला, तर दिशा दक्षिणेपासून पश्चिमेकडे सुमारें २८ अंश २५ कला भरते. हा कोन खोटा आहे. या भागांत अक्षांशाची एक कला सुमारें १८४५ मीटरांची असते, तर रेखांशाची एक कला अवघी १७४५ मीटरांची. ही तूट जमेस धरली म्हणजे कोन २७ अंशांच्या जवळ येतो. फरक सव्वा अंशाचाच दिसतो. पण उमरखेड सरळ रेषेंत जवळ जवळ शंभर किलोमीटर दूर आहे, आणि एवढ्या चुकीनें निघालेला मनुष्य गांवापासून दोन किलोमीटरांहून अधिक बाजूला जाऊन पोहोंचेल.

याच उदाहरणांत आणखी एक खोंच आहे. दिशा काढतांना पूर्वपश्चिम अंतराला दक्षिणोत्तर अंतरानें भागावें लागतें. उमरखेडाकडे जातांना दोन्ही अंतरें ऋण असतात, परत येतांना दोन्ही धन असतात. भागाकार मात्र दोन्ही वेळां एकच येतो. भागाकारावरून कोन काढणाऱ्यास नैर्ऋत्य आणि ईशान्य यांतील भेद कळत नाहीं! म्हणून संगणकास दोन्ही अंतरें आपापल्या चिन्हांसह निरनिराळीं द्यावीं लागतात. त्यांतच भूमितीच्या पुस्तकांत कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट मोजतात, भूमापक उत्तरेपासून घड्याळाप्रमाणें मोजतो, आणि संगणकाच्या पडद्यावर उभें माप बहुधा वरून खालीं धरतात. या तीन रूढींची सरमिसळ झाली म्हणजे हुशार माणसाचीहि दिशाभूल होते. शेवटीं एक गोष्ट उरते. यवतमाळहून उमरखेड २०७ अंशांवर असेल, तर उमरखेडहून यवतमाळ बरोबर २७ अंशांवर असावें असें वाटतें. प्रत्यक्षांत सुमारें ९ कलांचा फरक पडतो. दोन्ही गांवांची उत्तर ध्रुवाकडेच पाहते, परंतु ध्रुवाकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींस समांतर नसतात, पुढें पुढें जवळ येत जातात.

कागदावर हें सारें सोपें आहे. कठीण होतें तें यांत घालावयाचे आंकडे मिळविणें, आणि तें काम ज्यानें अंगावर घेतलें त्याचा शेवट यवतमाळच्या शेजारींच झाला.

विल्यम लॅम्बटन हा इंग्रजी फौजेंतील अधिकारी. १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ सेंट टॉमसच्या टेकडीपाशीं त्यानें साडेसात मैल लांबीची एक रेषा पोलादी साखळीनें मोजावयास सुरुवात केली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले म्हणजे उरलेल्या बाजू गणितानें निघतात. तेव्हां एक रेषा जिवापाड जपून मोजावयाची, मग टेकडीवरून टेकडीकडे दुर्बिणीनें पाहून केवळ कोन घेत घेत त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत जावयाचें. दरी, नदी, रान यांवरून साखळी ओढण्याचें कारणच उरत नाहीं. कोन घेण्याचें त्याचें यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचें होतें आणि त्यावरील कोन मोजण्याच्या चक्राचा व्यास तीन फुटांचा होता. १८०८ सालीं तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवितांना तें आपटलें आणि त्याचें चक्र वांकलें. लॅम्बटननें तंबूचे पडदे लावून घेतले आणि स्वतः बसून चक्र हळूहळू मूळ आकारावर आणलें. त्या दुरुस्तीवर पुढचीं कित्येक वर्षें काम चाललें. निष्ठेचें हें उदाहरण खरेंच. पण वांकून सरळ केलेल्या चक्रावर घेतलेले कोन पुढच्या पिढीला पुन्हा घ्यावे लागले, हेंहि तितकेंच खरें.

दक्षिणेंतून वर सरकत ही त्रिकोणांची साखळी १८१५ सालीं बेदरजवळच्या दमरगिद्दा या ठिकाणीं आली. दमरगिद्दा ७७ अंश ४० कलांच्या सुमारास आहे. तेथून सरळ उत्तरेकडे रेषा नेली तर ती पैनगंगा ओलांडून उमरखेड, पुसद, दिग्रस आणि दारव्हा यांच्या मुलखांतून वऱ्हाडांत शिरते. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा पश्चिम भाग तो हाच. त्या काळीं हा जिल्हा नव्हता. १८०३ च्या देवगांवच्या तहानें नागपूरकर भोंसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. नदीच्या पूर्वेस भोंसल्यांचें राज्य उरलें. त्यामुळें मोजणीची पुढची वाट दोन संस्थानांच्या सीमेलगत होती, आणि सीमा म्हणजे डोंगर, झाडी व तापाचा प्रदेश.

तापाचें कारण मोजणीच्या पद्धतींतच होतें. उन्हाळ्यांत धुळीनें आणि उष्ण हवेच्या थरथरीनें दूरची टेकडी नीट दिसत नाहीं. पावसाची सर येऊन गेली म्हणजे हवा धुऊन निघते आणि पन्नास किलोमीटरांवरचा झेंडाहि स्पष्ट दिसतो. म्हणून मोजणीदार पावसाळ्यांत जंगलांत शिरत. जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी १८१८ सालीं लॅम्बटनचा मदतनीस झाला, आणि पुढच्याच वर्षीं कृष्णा-गोदावरींच्या मधल्या अरण्यांत तापानें तो इतका खंगला कीं पुढें प्रकृतीसाठीं त्याला केप वसाहतींत पाठवावें लागलें. त्याच्याबरोबरचे खलाशी, झेंडेवाले, झाडें तोडणारे यांच्यासाठीं तशी सोय नव्हती. त्यांच्यापैकीं किती गेले याची मोजणीच्या मोठ्या ग्रंथांत त्रिकोणांइतकी नीट नोंद नाहीं. कोनाची एक विकला चुकली तर तीन पानांचा खुलासा लिहिणाऱ्या त्या लोकांच्या हिशेबांतील ही उणीव डोळ्यांत भरते.

सत्तरीच्या आसपास आलेला लॅम्बटन हैद्राबादचें ठाणें हलवून नागपुराकडे निघाला. त्याची साखळी वऱ्हाडांत एलिचपूरच्या बाजूस, मोजणीच्या कागदांत टाकळखेडा म्हणून येणाऱ्या ठिकाणापर्यंत, गेली होती. वाटेंत हिंगणघाट येथें २० जानेवारी १८२३ रोजीं तो वारला. त्याची कबर तेथेंच आहे. हिंगणघाट वर्धा जिल्ह्यांत पडतें. पण दारव्ह्याहून यवतमाळकडे काढलेली रेघ तशीच पूर्वेकडे आणखी पाऊणशें किलोमीटर वाढविली तर ती वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटच्या आसपासच पोहोंचते. वीस वर्षें आणि वर कांहीं महिने एकच काम करीत राहिलेल्या या माणसाचें नांव फारच थोड्यांच्या ऐकण्यांत आहे; त्याच्या मदतनिसाचें मात्र जगांतील सर्वांत उंच शिखरास मिळालें. तें शिखर एव्हरेस्टनें मोजलें नव्हतें, ही गोष्ट निराळी.

लॅम्बटनच्या मागें एव्हरेस्टनें साखळी पुढें नेली. मध्य हिंदुस्थानांत सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत ती पोहोंचली. १८२५ सालीं प्रकृति ढांसळून तो विलायतेस परतला, आणि १८३० सालीं त्यानें १८ अंश ३ कला ते २४ अंश ७ कला या अक्षांशांमधील मापाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. यवतमाळ जिल्हा साडेएकोणीस ते पावणेएकवीस अंशांच्या दरम्यान, म्हणजे या पट्ट्याच्या पोटांतच आहे. पृथ्वी नेमकी किती चपटी आहे हें ठरविण्यास अशाच मापांचा उपयोग होतो. या कामांतून एव्हरेस्टच्या नांवाचा जो पृथ्वीगोल निघाला, त्याची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारें ६३७७.२८ किलोमीटर आणि चपटेपणा तीनशें पूर्णांक आठ दशांशांत एक असा धरला आहे. हिंदुस्थानचे नकाशे पुढें दीड शतकाहून अधिक काळ याच गोलावर आधारलेले होते. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील टेकड्यांवरून घेतलेल्या कोनांचा त्यांत वांटा आहे.

१८३० सालीं एव्हरेस्ट परत आला तो नवीं यंत्रें घेऊन. जुनी साखळी अविश्वसनीय ठरवून त्यानें ती पुन्हा मोजविली. कल्याणपूरच्या दक्षिणेकडील भाग, ज्यांत यवतमाळचा मुलूख येतो, तो अँड्र्यू वॉ याच्या हाताखालीं पुरा झाला, आणि १८४१ सालीं बेदरची पायाची रेषा नव्यानें मोजून त्याचा ताळा पाहिला गेला. यंत्रांच्या दुरुस्तीस अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन होते, आणि गणितास १८३१ पासून कलकत्त्याचे राधानाथ सिकदार. दिवसा आरशानें सूर्याचा कवडसा पाठवावा, रात्रीं दिवा लावावा, आणि त्या ठिपक्यावर दुर्बीण रोंखावी, अशी नवी रीत आली. पावसाळ्याची सक्ति कमी झाली; ताप मात्र पुरता गेला नाहीं.

या साखळीला उत्तर कोठून मिळाली, हा प्रश्न येथें विचारण्यासारखा आहे. त्रिकोणाचे कोन मोजून आकार कळतो. तो आकार पृथ्वीवर कोणत्या बाजूस फिरवून ठेवावयाचा हें त्यांत नसतें. त्यासाठीं आकाशाकडे पाहावें लागतें. ध्रुवतारा अगदीं ध्रुवावर नाहीं. तो ध्रुवाभोंवतीं लहानसें वर्तुळ काढतो. तो पूर्वेकडे जास्तींत जास्त झुकला असतां एकदां आणि पश्चिमेकडे झुकला असतां एकदां त्याचा व शेजारच्या टेकडीवरील दिव्याचा कोन घ्यावयाचा. दोहोंच्या मध्यावर खरी उत्तर सांपडते. एका रेषेची दिशा अशी आकाशांतून उतरवून घेतली कीं ती त्रिकोणांमधून पुढें नेतां येते. कल्याणपूर येथून सुरंतल या ठाण्याची दिशा विकलेच्या शतांशापर्यंत ठरविलेली होती, आणि देशांतील सर्व नकाशांची दिशा बराच काळ त्या एका रेषेवर टांगलेली होती. दिशा पुढें नेण्याचें हें काम नाजूक असतें. पृथ्वीच्या पाठीवर पन्नास किलोमीटर बाजूंचा त्रिकोण घेतला तर त्याच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून सुमारें साडेपांच विकलांनीं जास्त भरते. ही वाढ चूक समजून कोणी वांटून टाकली, तर शंभर त्रिकोणांनंतर उत्तर आपल्या जागीं राहणार नाहीं.

इतका खटाटोप करण्यापेक्षां होकायंत्र कां वापरलें नाहीं, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या ध्रुवाकडे रोंखलेली नसते. ती चुंबकीय शक्तीच्या ओढीनें वळते, आणि ती ओढ वर्षानुवर्षें बदलते. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत हा बदल टिपला जात असे. पुढें शहरांत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांचा परिणाम सुईवर होणार म्हणून १९०४ सालीं हें काम अलिबागेस हलवावें लागलें. सध्यां विदर्भांत सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनहि कमी फरक आहे. वाटसरूस तो नगण्य आहे, नकाशास नाहीं. शिवाय आज कमी आहे म्हणून उद्यां तसाच राहील असें नाहीं.

त्रिकोणांची ही साखळी डोंगरमाथ्यांवरून गेली. खालच्या शेतकऱ्याच्या बांधाशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. त्याच्या खरेदीखतांत चतुःसीमा असत : पूर्वेस अमक्याचें शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस गायरान. या दिशा अंशांच्या नव्हत्या, शेजाऱ्यांच्या होत्या, आणि शेजारी जिवंत असेतों त्या पुरेशा होत्या. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें. १८६४ त वणी, केळापूर, यवतमाळ व दारव्हा या भागांचा निराळा जिल्हा झाला. तो पुढें वणीच्या नांवानें ओळखला जाई. १९०५ सालीं पुसदची त्यांत भर पडून यवतमाळ हें नांव आलें. या काळांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर साऱ्यासाठीं शेतांची मोजणी झाली. त्या पद्धतींतील साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा भाग, आणि त्या भागांना नांव आणे! तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असा सोपा मेळ होता. हे गांवनकाशे क्षेत्र काढण्यासाठीं होते. शेताचा आकार व मोजमाप त्यांत जपलें जाई. सबंध गांव पृथ्वीवर नेमकें कोणत्या कोनांत बसतें ही चिंता सारा वसूल करणाऱ्याला नव्हती. आज तेच नकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवूं पाहणाऱ्यांना ते थोडे फिरवावे, थोडे ताणावे लागतात, त्याचें मूळ येथें आहे. बांधाचा तंटा असतो तेथें हें थोडेंसें फिरविणें किती महाग पडतें, हें तालुक्याच्या कचेरींत एक दिवस बसल्यास दिसतें.

उपग्रह आले आणि मापाचा पायाच बदलला. ते पृथ्वीच्या मध्यबिंदूभोंवतीं फिरतात, म्हणून त्यांच्यासाठीं सबंध पृथ्वीला साजेसा गोल घ्यावा लागला. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर आहे, म्हणजे एव्हरेस्टच्या गोलाहून पाऊण किलोमीटरापेक्षां अधिक. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें लोकांसाठीं काढावयाचे नकाशे या नव्या गोलावर आणण्याचें ठरलें. मध्य हिंदुस्थानांत एकाच विहिरीचे जुन्या गोलावरील आणि नव्या गोलावरील अक्षांशरेखांश ताडून पाहिले, तर शंभराहून अधिक मीटरांची तफावत निघते. दोन्ही गांवें जुन्या नकाशावरून घेतलीं अथवा दोन्ही नव्यावरून घेतलीं, तर दोन्ही सारखींच सरकतात आणि दिशा जवळ जवळ तीच राहते. घोंटाळा होतो तो एक ठिकाण जुन्या कागदावरून आणि दुसरें हातांतल्या यंत्रावरून घेतलें म्हणजे. शंभर किलोमीटरांच्या प्रवासांत ही तफावत लपून जाते; एका किलोमीटरावरच्या शेताची दिशा काढतांना मात्र ती पांच-सात अंशांची चूक करूं शकते.

यवतमाळ जिल्ह्याच्या वांट्याला याखेरीज एक खास अडचण आलेली आहे, आणि ती केवळ योगायोगाची आहे. वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर आणतांना कांहींतरी सोडावें लागतें. १५६९ सालीं मर्केटरनें जो नकाशा काढला त्यानें क्षेत्रफळ सोडलें आणि कोन राखले. आजच्या फोनवरील नकाशे बहुधा त्याच घराण्यांतले आहेत. भूमापनाच्या कामासाठीं त्याच मर्केटरच्या युक्तीला आडवी करून सबंध पृथ्वीचे सहा सहा अंशांचे साठ पट्टे पाडले आहेत. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक मुख्य रेषा. तिच्यावर ५०० किलोमीटर हा आंकडा धरावयाचा आणि तेथून पूर्वेकडे वाढवीत, पश्चिमेकडे घटवीत जावयाचें. मग कोठल्याहि जागेचें स्थान किलोमीटर-मीटरांत सांगतां येतें आणि दिशा साध्या वजाबाकीनें निघते. त्रेचाळिसावा पट्टा ७२ ते ७८ अंशांचा, चव्वेचाळिसावा ७८ ते ८४ अंशांचा. या दोहोंमधील शिवण, ७८ अंशांची रेषा, थेट यवतमाळ जिल्ह्यांतून जाते. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, महागांव, नेर आणि आर्णी हीं तालुक्याचीं गांवें तिच्या पश्चिमेस. यवतमाळ, बाभुळगांव, कळंब, राळेगांव, घाटंजी, पांढरकवडा, मारेगांव, झरी-जामणी आणि वणी पूर्वेस.

याचा परिणाम काय होतो तें दारव्हा-यवतमाळच्या उदाहरणावरूनच पाहावें. त्रेचाळिसाव्या पट्ट्यांत दारव्ह्याचा पूर्वेकडचा आंकडा सुमारें ७८९ किलोमीटर येतो. यवतमाळ शिवणीच्या पलीकडे असल्यानें त्याचा आंकडा चव्वेचाळिसाव्या पट्ट्यांत सुमारें २०० किलोमीटर. ज्यानें पट्ट्याचा क्रमांक न पाहतां एकांतून दुसरा वजा केला, त्याला यवतमाळ हें दारव्ह्याच्या पूर्वेस नव्हे तर पश्चिमेस, आणि तेंहि ५८९ किलोमीटरांवर, म्हणजे दमणच्या किनाऱ्यापलीकडे अरबी समुद्रांत सांपडेल. एवढी ढोबळ चूक तत्काळ लक्षांत येते, हें त्यांतल्या त्यांत बरें. लक्षांत न येणारी चूक निराळी आहे. ध्रुवाकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, हें वर सांगितलेंच आहे. पट्ट्यांतल्या चौकटींच्या उभ्या रेषा मात्र परस्परांस समांतर ठेवलेल्या असतात, त्यामुळें पट्ट्याच्या कडेला चौकटीची उत्तर खऱ्या उत्तरेपासून ढळते. शिवणीवर त्रेचाळिसाव्या पट्ट्याची उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारें एक अंश पूर्वेस आणि चव्वेचाळिसाव्याची सुमारें एक अंश पश्चिमेस पडते. एकाच जागीं उभ्या राहिलेल्या दोन भूमापकांच्या उत्तरा दोन अंशांनीं भिन्न असूं शकतात, आणि दोघांच्याहि यंत्रांत कांहीं बिघाड नसतो.

यावर उपाय दोन. दिशा थेट अक्षांश-रेखांशांवरूनच काढावी, म्हणजे शिवण मध्यें येतच नाहीं. अथवा सबंध जिल्ह्यासाठीं एकच पट्टा धरून त्याच्या चौकटी शिवणीपलीकडे वाढवाव्या. दुसऱ्या रीतीनें त्रेचाळिसावा पट्टा वाढविला तर यवतमाळचा आंकडा सुमारें ८२७ किलोमीटर येतो आणि तें दारव्ह्याच्या पूर्वेस आपल्या जागीं बसतें. मग दारव्ह्याहून यवतमाळची दिशा त्रेचाळिसाव्या पट्ट्याच्या चौकटीवर साडेपंचाहत्तर अंशांच्या जवळपास निघते, चव्वेचाळिसाव्याची चौकट पश्चिमेकडे वाढविल्यास साडेसत्त्याहत्तरांच्या, आणि ध्रुवताऱ्यावरून घेतलेल्या खऱ्या उत्तरेपासून मोजल्यास साडेशहात्तरांच्या. म्हणून जुन्या वळणाचा भूमापक आपल्या वहींत दिशेचा आंकडा लिहितांना त्याच ओळींत, ती कोणत्या उत्तरेपासून मोजली, हेंहि लिहून ठेवतो.